मशीनगनवाले आबाजी

राम राम, जय भीम मंडळी. सोयाबीन काढणीची धामधूम हाये, रेडिओ बांधावर ठेवून ऐकत असाल त दोन मिनिटं थ्रेशर बंद करा. उद्या 1 ऑक्टोबर, महार रेजिमेंटचा वाढदिवस.

1941 साली बेळगावला पहिली पलटण उभी झाली, पुढच्याच वर्षी दुसरी आपल्या कामठीत, अन 1946 मध्ये रेजिमेंटचं सेंटरही कामठीलाच सुरू झालं. आता ते मध्य प्रदेशातल्या सागरला हाये म्हणून कामठीचं नाव कोणी काढत नाही, मले याचा जरा राग येते.

पण हिशोब 1941 पासून धरूच नका. 1818 ले महार सैनिक इंग्रजांकडून भीमा कोरेगावात लढले, तरी 1892 च्या सुमारास इंग्रजांनीच महारांची भरती बंद केली, मंग पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तवा 1917 मध्ये 111 महार पलटण काढली अन 1921 मध्ये मोडूनही टाकली. हंगामापुरता गडी ठेवतात ना, तसं. 1941 मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते, त्यांनी हे लावून धरलं, तवा कुठं कायमचं दार उघडलं.

आमच्या गावचे एक आबाजी 1941 चेच, म्हणजे पलटणीचं अन त्यांचं वय एकच. सागरला ट्रेनिंग, हातात विकर्स मशीनगन. ते सांगतात का बावा, नळीभोवती चार लिटर पाणी भरा लागे, 250 गोळ्यांचा पट्टा, दोन-चार मिनिटं धडधड चालली का पाण्याची वाफ निंघे. त्याच पाण्याचा चहा त्यांनी एकदा करून पाहिला, "तेलकट, कुत्रंही पेणार नाही." टोपीवरच्या बिल्ल्यात अजूनही दोन विकर्स अन मधात खंजीर हाये, आधी तिथं कोरेगावचा स्तंभ होता.

आता रेजिमेंटमध्ये सगळ्या जातीचे जवान असतात. श्रीलंकेत 1987 मध्ये छातीत गोळी लागल्यावरही लढत राहिलेले परमवीर चक्रवाले मेजर रामस्वामी परमेश्वरन रेजिमेंटच्या आठव्या पलटणीचेच, अन सैन्याचे प्रमुख झालेले कृष्णराव, सुंदरजी हेही याच रेजिमेंटचे.

आबाजीच्या लोखंडी ट्रंकेवर पांढऱ्या पेंटनं त्यांचा फौजेतला नंबर हाये. बायकोचा मोबाइल नंबर त्यांच्या ध्यानात राहत नाही, पण हा झोपेतही सांगतात.

उद्या सकाळी ते बिल्ला घासूनपुसून पारावर बसलेले दिसतीन, तुमच्याही गावात असा कोणी असंन त जाऊन जय हिंद घाला. फक्त जोरात बोलजा, मशीनगननं कान गेले हायेत.