ताट मोजायचं की माणूस?

(लष्करी भोजनगृहांतील कंत्राटी खानपान या विषयावर पुण्यात केटरिंगच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मघाशी माझी ओळख करून देताना 'यांनी सैन्याच्या पोटाची काळजी वाहिली' असं म्हणाले. ऐकायला बरं वाटलं. पण नोकरीची शेवटची काही वर्षं मी स्वयंपाकघरात कमी आणि कंत्राटांच्या फायलींत जास्त होतो. आज बोलायचंय तेही फायलींबद्दलच. आमटीला फोडणी कशी द्यायची ते तुमचे शिक्षक माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

लष्कराचं जेवण म्हटलं की लोकांना सियाचीनमधले डबे आठवतात. आपण पुण्यापुरतं बोलू. खडकीला बॉम्बे सॅपर्स ही लष्करी इंजिनिअरांची तुकडी, दापोडीला सीएमई म्हणजे लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय, वानवडीला एएफएमसी म्हणजे लष्करी वैद्यकीय महाविद्यालय, खडकवासल्याला एनडीए म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. एनडीएच्या मेसमध्ये दोन हजारांहून जास्त कॅडेट एका छपराखाली, एकाच वेळी जेवायला बसतात. लग्नात तिसरी पंगत उठेपर्यंत आपल्या केटररचा आवाज बसलेला असतो, ते डोळ्यांपुढे आणा. इथे असली पंगत रोजची, आणि तीही घड्याळावर.

यात दोन कामं वेगळी धरा: शिधा पुरवणं आणि तो शिजवून वाढणं. शिधा मुख्यतः आर्मी सर्व्हिस कोअर, म्हणजे सैन्याचीच रसद शाखा, पुरवते. जवानांच्या लंगरात पलटणीचेच स्वयंपाकी असतात. कंत्राटदार शिरतो तो बहुतेक शांतता क्षेत्रातल्या, म्हणजे सीमेवरच्या तैनातीपासून दूरच्या, संस्थांत. कुठे नुसते वाढपी आणि मसालची पुरवायला, कुठे अख्खी मेस चालवायला. मसालची म्हणजे भांडी घासणारा. मसाला वाटणारा नव्हे. या माणसाकडे मी शेवटी परत येणार आहे.

बाहेरच्या माणसाकडून खाणं घेणं फौजांना नवं नाही. 1803 मध्ये इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली पुण्यात आला तेव्हा त्याच्या फौजेसाठी लमाणांच्या तांड्यांतून बैलांवर धान्य येत होतं. त्याच्याही आधी, शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदारांना, म्हणजे लष्करी अंमलदारांना, लिहिलेलं पत्र आहे. उंदीर पेटती वात नेईल आणि आग लागेल, ही त्यातली धास्ती सगळ्यांच्या लक्षात असते. पण साठा आत्ताच मनाला येईल तसा उडवलात तर ऐन पावसाळ्यात दाणावैरण मिळणार नाही, हा हिशेबही त्याच पत्रात आहे. तुमच्या पुस्तकात याच धड्याला 'फोरकास्टिंग' म्हणतात.

उलटं उदाहरण दुधाचं. लष्करानं 1889 साली अलाहाबादेत पहिला स्वतःचा गोठा काढला, पुढे देशभर मिलिटरी फार्म झाले आणि 2021 मध्ये ते सगळे बंद केले. पिंपरीत 'डेअरी फार्म' हा पत्ता सांगायला राहिला. दूध आता विकत येतं. गाई गेल्या म्हणून दुधावर लक्ष ठेवायचं काम गेलं असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं सकाळी टँकरपाशी उभं राहून बघावं.

आता मुद्द्यावर येतो. कंत्राटदाराला तुम्ही पैसे कशाचे मोजता, त्यावर तुमच्या ताटात काय येणार ते ठरतं. मेनू, अटी, शर्ती नंतर.

एका संस्थेत, नाव सांगत नाही, पटावरच्या डोक्यांप्रमाणे बिल निघायचं. पटावर सहाशे तर सहाशेंचे पैसे. रविवारी निम्मी मुलं आउटपासवर जायची, बाहेर मिसळ नाहीतर बिर्याणी हाणायची. कंत्राटदाराचा फायदा कशात? मुलांनी मेसमध्ये न जेवण्यात! मग शनिवारी रात्रीपासूनच भाजी अशी व्हायची की राहिलेलेही बाहेर पळावेत. तो माणूस लबाड होता असं मी म्हणणार नाही. आम्हीच त्याला न जेवणाऱ्या पोरांवर कमाई ठेवून दिली होती.

पुढच्या टेंडरला आम्ही शहाणे झालो आणि ताटाप्रमाणे पैसे लावले. जेवण एकदम सुधारलं. पण एखाद्या दिवशी अचानक कवायत लांबली, तीनशे मुलं मैदानातच अडकली, की शिजवलेलं सगळं त्याच्या अंगावर. दोन महिन्यांत तो इतकं हात राखून शिजवायला लागला की शेवटच्या शंभर मुलांना पोळी संपलेली आणि डाळीत पाणी. ब्रिटिश सैन्यात 'पे ॲज यू डाइन' नावाची पद्धत आली, ज्यानं खाल्लं त्यानंच पैसे भरायचे. तिकडे वाद झाला तो वेगळाच: महिनाअखेर खिसा रिकामा असलेल्या शिपायानं काय करायचं?

तिसरा प्रकार माणसं मोजण्याचा. 'वीस माणसं पुरवा.' सरकारी खरेदी पोर्टलवर हे सगळ्यात सोपं, म्हणून सगळ्यात जास्त. यात कंत्राटदाराचा जेवणाशी संबंधच उरत नाही. किमान वेतन ठरलेलं, म्हणून स्पर्धा फक्त सेवाशुल्कावर. तिथे लोक जवळजवळ फुकट काम करायला तयार होतात. एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी बोलीवाला, येण्यासाठी जो फुकट राबायला तयार आहे, तो पैसे कुठून काढणार हे कळायला सीए लागत नाही. बँकेत पगार पूर्ण जमा होतो आणि दुसऱ्या दिवशी मुकादम त्यातले काही रोख परत मागतो. मस्टर म्हणजे हजेरीपट स्वच्छ, पीएफचं चलन स्वच्छ, आणि वीसच्या जागी चौदाच माणसं राबतायत. कंत्राटदारानं मजुरी बुडवली तर ती मुख्य मालकानं द्यावी, असं 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यानं सांगितलं होतं. 2020 च्या कामगार सुरक्षा संहितेनंही ती जबाबदारी ठेवलीच. काम बाहेर देता येतं, हे देणं बाहेर देता येत नाही.

अमेरिकेत अख्खं स्वयंपाकघर चालवण्याचं कंत्राट आणि नुसतं टेबलं-भांडी सांभाळण्याचं कंत्राट, हे दोन स्पष्ट वेगळे प्रकार धरतात. तिथे 1936 च्या एका कायद्यानं दृष्टिहीन व्यावसायिकांना सरकारी जागांत प्राधान्य आहे. दिव्यांगांना काम देणाऱ्या संस्थांसाठी दुसरा कायदा आहे. सैनिकी मेस यातल्या कुणाची, यावर दोघांत कोर्टकज्जे झाले. वाद कडू असेल, पण निदान ताट उचलणारे हात कुणाचे, हा प्रश्न तिथे कोर्टापर्यंत तरी जातो.

आम्ही शेवटी काय केलं? बिलाचे दोन तुकडे केले. गॅस, पगार, भांडीकुंडी यांची ठरलेली रक्कम दरमहा. त्यावर दर ताटाचे पैसे. आणि आदल्या दिवशी दुपारी चारपर्यंत उद्याची संख्या लेखी देण्याचं बंधन कंत्राटदारावर नाही, आमच्यावर. ती चुकली तर नुकसान आमचं. ही अट घालताना वरून पुष्कळ बोलणी खाल्ली. साहेब लोकांना पेनल्टी लावायला आवडते, लागायला नाही.

दुसरं, आम्ही कचरा मोजला, तोही दोन बादल्यांत. मराठीत आपल्याकडे दोन शब्द आहेत आणि ते फार कामाचे आहेत: उष्टं आणि उरलेलं. पातेल्यात राहिलं ते उरलेलं. म्हणजे संख्या चुकली, दोष आमचा. ताटात टाकलं ते उष्टं. म्हणजे चव बिघडली किंवा वाढप्याचा हात सुटला, दोष कंत्राटदाराचा. दोन्ही एकाच पिंपात गेलं की भांडणाला अंत नाही. वेगळं तोललं की भांडण आकड्यावर येतं. तिसऱ्या आठवड्यात त्याचा मुकादम माझ्याकडे आला आणि म्हणाला, "साहेब, तसला एक काटा आम्हालाही घेऊन द्या ना."

अन्नसुरक्षेवर थोडक्यात. गंभीर धोक्यांवर आधीच पहारा बसवायची 'हॅसप' पद्धत 1960 च्या दशकात अंतराळवीरांच्या जेवणासाठी आकाराला आली, आणि त्यात अमेरिकी सैन्याच्या नेटिकच्या प्रयोगशाळेचा हात होता. तुम्ही मात्र एकच गोष्ट लिहून घ्या: खोल पातेलं. शंभर लिटर डाळ वरून गार झाली तरी पोटात तासन् तास कोमट राहते. उकळीतून वाचलेले क्लॉस्ट्रिडियम या जंतूचे बीजाणू तिथेच वाढतात. सकाळी वास येत नाही, चव बदलत नाही, आणि रात्रीपर्यंत अर्धी बरॅक संडासाच्या रांगेत. म्हणून कंत्राटात 'स्वच्छता राखावी' लिहू नका. 'उरलेलं दोन-तीन इंचांच्या उथळ ट्रेमध्ये पसरून गार करावं' असं लिहा. वाढायचं जेवण 60 अंशांच्या वर ठेवायचं, आणि ते हात लावून नाही, थर्मामीटरनं बघायचं. अन्न हाताळणाऱ्या पंचवीस माणसांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक हवा, असं एफएसएसएआय, म्हणजे केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण, सांगतं. त्याचं नुसतं प्रमाणपत्र भिंतीवर नको, तो माणूस पाळीवर हवा.

आता चव-रजिस्टर. वाढण्याआधी कुणीतरी चाखायचं आणि सही करायची, ही पद्धत चांगलीच आहे. एकदा मी न सांगता गेलो आणि रजिस्टर उघडलं. रोज 'जेवण उत्तम', एकच पेन, एकच सही. पान उलटलं तर अजून न उजाडलेल्या परवाचंही जेवण उत्तम होऊन गेलेलं होतं.

मी रजिस्टर काही बंद केलं नाही. सरकारी वही बंद करणं सोपं नसतं. पण जेवणानंतर भांड्यांच्या मोरीपाशी जाऊन उभा राहायला लागलो. तिथला मसालची लिहिणारा नव्हता, बोलणाराही कमीच. गरम पाण्याच्या वाफेत ताटं खरवडत असायचा. पहिले चार दिवस त्यानं माझ्याकडे मान वर करून बघितलं नाही. पाचव्या दिवशी, मी काही विचारायच्या आत, हातातलं ताट माझ्यापुढे धरून म्हणाला, "साहेब, भोपळा आज पण परत आला."