डोळे दिपलेला डिटेक्टर

नमस्कार श्रोतेहो. क्वांटम क्रिप्टोग्राफी, म्हणजे प्रकाशकणांच्या नियमांवर बेतलेली गुप्त संदेशांची पद्धत, अभेद्य आहे, असं तुमच्या कानावर आलं असेल. आज बोलायचंय ते तिच्यात शिरून दाखवणाऱ्यांविषयी.

1984 साली चार्ल्स बेनेट आणि जिल ब्रासार यांनी ‘बीबी84’ ही पद्धत मांडली. संदेश कुलूपबंद करणाऱ्या गुप्त किल्लीचे बिट, म्हणजे 0 किंवा 1, एकेका फोटॉनवर, म्हणजे प्रकाशाच्या एकेका कणावर पाठवायचे. ते मोजायच्या दोन दिशा असतात आणि घेणारा दरवेळी त्यातली एक अंदाजाने निवडतो. वाटेत कुणी तो कण मोजला, तर त्याची अवस्था बिघडते, किल्लीत चुका वाढतात आणि चोर पकडला जातो. गणित पक्कं आहे. यंत्रांचं मात्र तसं नाही. या पद्धतीचं पहिलंच यंत्र किल्लीचा बिट बदलला की वेगळा आवाज करायचं! आमचं यंत्र बहिऱ्या चोरापासून पूर्ण सुरक्षित होतं, अशी थट्टा पुढे ब्रासार यांनीच केली.

2010 मध्ये नॉर्वेच्या ट्रॉन्हाइममधले लार्स लिडर्सन, वादिम माकारोव्ह आणि त्यांचे जर्मन सहकारी यांनी बाजारात विकल्या जाणाऱ्या दोन यंत्रांचे डिटेक्टर, म्हणजे फोटॉन टिपणारे भाग, ताब्यात घेऊन दाखवले. (कंपन्यांना आधी कळवलं होतं, हे बरं केलं.) त्यांची युक्ती मला फार देखणी वाटते. या डिटेक्टरमधल्या डायोडवर, म्हणजे प्रकाश पडताच वीज सोडणाऱ्या छोट्या भागावर, इतका व्होल्टेज असतो की एक फोटॉन पडला तरी विजेचा लोंढा सुटतो आणि नोंद होते. आता त्यावर सतत प्रखर प्रकाश सोडा. प्रवाह वाहतच राहतो, व्होल्टेज उतरतो आणि एकेकटा फोटॉन त्याला दिसेनासा होतो. मग नोंद होते ती फक्त ठराविक ताकदीच्या झोताची.

चोर मधेच फोटॉन मोजतो आणि जे सापडलं त्याच अवस्थेचा झोत पुढे पाठवतो. घेणाऱ्यानं मोजणीची तीच दिशा निवडली असेल, तर सगळा झोत एकाच डिटेक्टरवर पडतो आणि नोंद होते. दिशा वेगळी असेल, तर झोत दोन डिटेक्टरांत निम्मा निम्मा वाटला जातो, ताकद कमी पडते आणि कुणाचीच नोंद होत नाही. म्हणजे चुका वाढतच नाहीत! फोटॉन वाटेत हरवला असेल असं घेणाऱ्याला वाटतं, कारण फायबरमध्ये ते हरवतातच. पुढच्याच वर्षी सिंगापूरमध्ये 290 मीटरच्या फायबरवर अशी अख्खी किल्ली चोरून दाखवण्यात आली.

यावर प्रकाश मोजणारे पहारेकरी बसवणं, हे मला ठिगळ वाटतं. 2012 मध्ये होई-क्वोंग लो, मार्कोस कर्टी आणि बिंग ची यांनी वेगळाच मार्ग सुचवला: दोन्ही पक्षांनी फक्त पाठवायचं, आणि डिटेक्टर मधे ठेवून खुशाल शत्रूच्या हाती द्यायचे. दोघांच्या फोटॉनांचं नातं काय, म्हणजे ते सारखे की उलटे, एवढंच मधल्याला कळतं. बिट कळत नाहीत.

मग चोराचं लक्ष पाठवणाऱ्याकडे वळतं. बाहेरून प्रकाश आत सोडायचा आणि परावर्तन वाचायचं. ते रोखायला आयसोलेटर, म्हणजे प्रकाश एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग, बसवतात. पण जोरदार लेसरनं तापवल्यावर त्याचीही अडवण्याची ताकद घटते, हे प्रयोगांत दिसलं आहे.