दोन ठोक्यांमधली उसंत

हृदयाविषयी बोलायचे म्हटले की आपण ठोक्यांविषयी बोलतो. मिनिटाला किती, दिवसाला किती, आयुष्यभरात किती, असे आकडे सांगितले जातात आणि ऐकणारा थक्क होतो. पण मिनिटाला 75 ठोके पडत असतील, तर एका ठोक्याचे पूर्ण आवर्तन 0.8 सेकंदाचे असते, आणि त्यात हृदयाच्या मुख्य कप्प्यांचे आकुंचन जेमतेम 0.3 सेकंद चालते. उरलेला 0.5 सेकंद हे कप्पे सैल असतात. याच गतीने दिवसभराचा हिशोब मांडला, तर 24 तासांपैकी सुमारे 15 तास ते शिथिल असतात. याच वेळात हृदय रक्ताने भरते, आणि जे आत आलेच नाही ते बाहेर कसे टाकणार? हृदयाची रचना बारकाईने पाहिली, तर ही उसंत राखण्यासाठी तिथे किती तरतुदी आहेत, ते लक्षात येते.

उरोस्थीच्या मागे, दोन फुप्फुसांच्या मध्ये आणि थोडे डावीकडे कललेले हे मुठीएवढे इंद्रिय प्रौढ माणसात साधारण 250 ते 350 ग्रॅम वजनाचे असते. त्याला पंप म्हणण्याची पद्धत आहे. खरे तर ते एकमेकांना जोडलेले दोन पंप आहेत. उजवा पंप शरीरातून परतलेले, ऑक्सिजन कमी झालेले रक्त फुप्फुसांकडे पाठवतो आणि डावा पंप फुप्फुसांतून आलेले ऑक्सिजनयुक्त रक्त सर्व शरीराला पुरवतो. दोन्हींत वर रक्त घेणारे अलिंद आणि खाली रक्त ढकलणारे निलय असते. पाठ्यपुस्तकांतल्या आकृत्यांत उजवी बाजू निळी दाखवतात. ती केवळ सोय आहे, कारण माणसाचे रक्त कधीच निळे नसते, ऑक्सिजन कमी झाला की ते फक्त गडद लाल दिसते.

डाव्या निलयाची भिंत उजव्या निलयाच्या भिंतीपेक्षा जवळजवळ तिप्पट जाड असते. फुप्फुसे शेजारीच असून त्यांच्या रक्तवाहिन्या फारसा विरोध करत नाहीत, त्यामुळे उजव्या निलयाला पाऱ्याच्या सुमारे 25 मिलिमीटर दाबावर काम भागवता येते. डाव्या निलयाला मात्र तो दाब 120 मिलिमीटरपर्यंत न्यावा लागतो. दाब इतका वेगळा असला, तरी दोन्ही बाजूंनी बाहेर पडणारे रक्त सरासरीने सारखेच असावे लागते. उजवी बाजू दर ठोक्याला थोडे जरी जास्त रक्त पाठवू लागली, तर ते काही मिनिटांतच फुप्फुसांत साचू लागेल.

ठोक्याची सुरुवात उजव्या अलिंदाच्या वरच्या भिंतीतल्या पेशींच्या एका छोट्या पुंजक्यात होते. सायनस नोड या नावाने ओळखला जाणारा हा पुंजका आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी 1907 साली दाखवून दिला. त्याच्या पेशींमध्ये विद्युतभारित कण सतत झिरपत असतात, भार ठरावीक पातळीला पोहोचला की विद्युत संदेश सुटतो, आणि लगेच पुढच्या संदेशाची तयारी सुरू होते. यासाठी मेंदूच्या आज्ञेची गरज नसते. मेंदूशी संबंध तोडला, तर हा पुंजका प्रौढ माणसात मिनिटाला सुमारे 100 संदेश देतो. म्हणूनच हृदयप्रत्यारोपणानंतर, नव्या हृदयाला चेतातंतू जोडलेले नसल्यामुळे, विश्रांतीतही नाडी जलद चालते. एरवी व्हेगस ही चेता सायनस नोडला सतत आवर घालते आणि ठोके सत्तरच्या आसपास ठेवते. म्हणजे विश्रांतीच्या वेळी हृदयाला बाहेरून मिळणारी मुख्य आज्ञा सावकाश चालण्याची असते.

संदेश दोन्ही अलिंदांत पसरतो आणि ती आकुंचन पावतात, पण खाली निलयांकडे तो थेट जाऊ शकत नाही, कारण अलिंदे आणि निलये यांच्यामध्ये वीज न वाहणाऱ्या तंतुमय ऊतीचा पडदा असतो. त्यातून एकच वाट आहे, एव्ही नोड, जिचे नेमके वर्णन सुनाओ तावारा या जपानी संशोधकाने 1906 साली केले. या वाटेवर संदेश सुमारे दशांश सेकंद रेंगाळतो. एवढ्या चपळ यंत्रणेत मुद्दाम ठेवलेला हा उशीर मला हृदयाच्या साऱ्या कारभारातला सर्वांत शहाणा भाग वाटतो. निलयांत शिरणाऱ्या रक्तापैकी बहुतांश रक्त अलिंदे आकुंचन पावण्याआधीच आपोआप वाहून आलेले असते. शेवटचा, साधारण पाचवा हिस्सा तेवढा अलिंदे ढकलतात, आणि तो पोहोचेपर्यंत निलयांना थांबवून धरले जाते. हृदयाच्या विद्युत आलेखात पहिल्या छोट्या लहरीनंतर उंच टोकापर्यंत जी जवळपास सपाट रेषा दिसते, तिच्यात हाच उशीर नोंदला जातो.

त्यानंतर मात्र घाई असते. पर्किंजे तंतूंचे जाळे संदेश क्षणार्धात दोन्ही निलयांच्या कानाकोपऱ्यांत पोहोचवते आणि निलये खालच्या टोकाकडून वर आवळू लागतात. डाव्या निलयाच्या भिंतीतले स्नायूतंतू तिरपे गुंडाळलेले असल्यामुळे ओले कापड पिळावे तसा त्याला पीळ बसतो. दाब वाढताच अलिंद आणि निलय यांच्यामधल्या झडपा मिटतात; छातीला कान लावल्यावर ऐकू येणारा पहिला, काहीसा दीर्घ आवाज त्या मिटण्याच्या वेळचा असतो. मग महाधमनी आणि फुप्फुस धमनी यांच्या तोंडाशी असलेल्या झडपा उघडून रक्त बाहेर पडते. भरलेल्या निलयातल्या सुमारे 120 मिलिलिटरपैकी 70 मिलिलिटर रक्त एका ठोक्यात जाते आणि बाकीचे आतच राहते. दाब उतरू लागला की या बाहेरच्या झडपा मिटतात आणि दुसरा, आखूड आवाज येतो. यानंतर निलयाला बसलेला पीळ उलगडतो, त्या उलगडण्याने आतला दाब झपाट्याने घटतो आणि अलिंदात थांबलेले रक्त अक्षरशः आत ओढले जाते. भरणे ही नुसती वाट पाहण्याची क्रिया नाही. तिलाही ऊर्जा लागते.

हाताची मूठ आपण आवळून बराच वेळ तशीच ठेवू शकतो. हृदयाला हे करता येत नाही, कारण त्याची स्नायुपेशी एकदा उद्दीपित झाली की जवळजवळ पाव सेकंद दुसऱ्या संदेशाला दाद देत नाही, आणि तोवर आकुंचन ओसरत आलेले असते. हृदय आवळलेल्या स्थितीत अडकून राहू नये, याची खबरदारी अशी पेशीपेशीत घेतलेली आहे.

हृदयाचे स्वतःचे पोषणही याच उसंतीवर अवलंबून आहे. त्याच्या कप्प्यांत एवढे रक्त असूनही स्नायूला ते जवळजवळ वापरता येत नाही. त्यासाठी महाधमनीच्या मुळाशी फुटणाऱ्या दोन हृदय धमन्या आहेत. डावे निलय आवळते तेव्हा भिंतीतल्या बारीक वाहिन्या दाबल्या जातात, त्यामुळे त्याच्या स्नायूला बहुतेक रक्त तो सैल असतानाच मिळते. ठोके जलद झाले की आकुंचनाचा काळ थोडाच घटतो आणि शिथिलतेचा काळ खूप घटतो. गरज वाढत असताना पुरवठ्याची वेळ कमी होते; हृदय धमनी अरुंद झालेल्या माणसाला जिना चढताना छातीत दुखते, त्याचे एक कारण हे आहे.

हृदय सैल असताना शरीराचा रक्तपुरवठा मात्र थांबत नाही. आकुंचनाच्या वेळी महाधमनीची लवचिक भिंत ताणली जाते आणि पुढच्या अर्ध्या सेकंदात ती पूर्ववत होताना रक्त पुढे सरकवते. त्यामुळे धमन्यांतला दाब शून्यावर न येता 80 च्या आसपास टिकतो. रक्तदाब मोजताना सांगितल्या जाणाऱ्या दोन आकड्यांपैकी खालचा आकडा तो हाच. तिथून पुढे रक्त फाटे फुटत गेलेल्या धमन्यांतून केशवाहिन्यांत पोहोचते, ज्या इतक्या अरुंद असतात की लाल पेशींना एकामागोमाग एक, कधी वाकून, पुढे जावे लागते. वेग सेकंदाला एक मिलिमीटरच्याही खाली येतो, आणि ऑक्सिजन देण्याची, कर्ब वायू घेण्याची देवघेव या मंद प्रवासात उरकते.

रक्त असे फिरून परत येते, हे माणसाला फार उशिरा पटले. यकृतात अन्नापासून रक्त तयार होते आणि शरीर ते वापरून टाकते, हे प्राचीन ग्रीक वैद्य गॅलेन याचे मत शतकानुशतके मान्य होते. विल्यम हार्वे याने 1628 साली साधा हिशोब मांडला: एका ठोक्याला अगदी थोडे रक्त बाहेर पडते असे धरले, तरी अर्ध्या तासात ते शरीरातल्या एकूण रक्तापेक्षा जास्त भरते, आणि एवढे रक्त अन्नातून तयार होणे शक्य नाही. धमन्यांतले रक्त शिरांत कसे जाते, हे दाखवणे त्याला जमले नाही. ते दुवे 1661 साली मार्सेलो माल्पिघी याला बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली दिसले.

परतीच्या वाटेवर दाब अगदी थोडा उरलेला असतो. पोटऱ्यांचे स्नायू शिरांना दाबतात, शिरांतल्या झडपा रक्ताला खाली घसरू देत नाहीत, आणि श्वास घेताना छातीत घटणारा दाब ते वर ओढतो. परत येणारे रक्त वाढले की निलय अधिक ताणले जाते, आणि ताणलेला स्नायू अधिक जोराने आवळतो. ओट्टो फ्रँक आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या नियमामुळे दोन्ही पंपांचा मेळ मेंदूच्या मदतीशिवायही बसतो. विश्रांतीत मिनिटाला 5 लिटर रक्त फिरवणारे हृदय भरपूर व्यायामात 20 लिटर किंवा त्याहून अधिक रक्त फिरवू शकते, ते केवळ ठोके वाढल्यामुळे शक्य होत नाही. रक्त तितक्याच लगबगीने परतही यावे लागते.

कधी निलयांचे तंतू एकजुटीने आवळण्याऐवजी विस्कळीतपणे थरथरू लागतात. तेव्हा हृदय धड भरत नाही आणि रिकामेही होत नाही, आणि काही सेकंदांत माणूस शुद्ध हरपतो. अशा वेळी विजेचा धक्का देणारे उपकरण येईपर्यंत उरोस्थीच्या खालच्या अर्ध्या भागावर मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटिमीटर खोल दाब द्यायचा असतो. प्रशिक्षणात आणखी एक सूचना आवर्जून देतात: प्रत्येक दाबानंतर हातांचा भार काढून छाती पूर्ण वर येऊ द्यावी. भार तसाच राहिला तर छातीतला दाब उतरत नाही, शिरांतले रक्त हृदयात येत नाही, हृदय धमन्यांतला प्रवाह मंदावतो, आणि पुढचा दाब कितीही जोरात दिला तरी बाहेर ढकलायला रक्त पुरेसे नसते.