जुनी बारोलो ओतताना

मित्रहो, ही बाटली परवापासून टेबलावर उभी आहे. १९९६ सालची बारोलो, म्हणजे इटलीतली एक लाल वाइन. इतकी वर्षं ती आडवी होती, त्यामुळे साका एका अंगाला धरलेला होता. रंगद्रव्यं आणि टॅनिन, म्हणजे वाइनला तुरटपणा देणारी द्रव्यं, वर्षानुवर्षं एकमेकांत गुंतून जड होतात, तोच हा साका. तो तळाशी बसायला एक-दोन दिवस लागतात. ओतताना बाटलीच्या मानेमागे मेणबत्ती किंवा टॉर्च धरायचा, बाटली हिंदकळू द्यायची नाही, आणि साका मानेपाशी दिसला की थांबायचं. खालचे दोन घोट सोडवत नाहीत, पण ते कडवट आणि रवाळ लागतात.

आता पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरा. कडेला विटकरी, जवळजवळ नारिंगी छटा आहे. कॅबर्नेसारख्या गडद द्राक्षाची असती तर मला चिंता वाटली असती. ही मात्र नेबिओलो. वायव्य इटलीतल्या पिएमोन्ते प्रांतातलं हे द्राक्ष तरुणपणीही फिकटच असतं आणि त्याचा रंग लवकर विटतो. म्हणून बारोलोचा निकाल रंगावर लावू नका.

वासातही घाई नको. बूच काढल्याबरोबर जुनी वाइन बऱ्याचदा कोंदट वाटते. पेला फिरवा, वीस मिनिटं थांबा. साठलेला कोंदटपणा हवेने उडून जातो आणि मागून वाळलेला गुलाब, डांबर, पालापाचोळा, कधी ट्रफल नावाच्या भूछत्राचा, असे वास वर येतात. पण ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास येत असेल आणि तो हवेने कमी व्हायच्या ऐवजी बळावत असेल, तर बूच बाधलेलं आहे. तिथे कितीही थांबलात तरी उपयोग नाही.

व्हॅनिलाचा वास आला तर तो द्राक्षाचा नव्हे, नव्या लाकडाचा. त्यामागे तिथलं एक भांडणच आहे. १९८३ साली बारोलो बनवणारे एलिओ आल्तारे यांनी वडिलांची मोठाली जुनी पिंपं साखळी-करवतीने कापली आणि छोटी नवी फ्रेंच पिंपं आणली. वडिलांनी त्यांना वारसाहक्कातून बाद केलं! माझा कौल जुन्या पिंपांना. व्हॅनिला आइस्क्रीममध्ये शोभतो.

खरी परीक्षा जिभेवर. तुरटपणा म्हणजे काय, हे आवळा चावलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही. बारोलो किमान ३८ महिने, त्यातले १८ लाकडात, मुरवावीच लागते, तरी ती विक्रीला येते तेव्हा हिरड्या आवळून धरते. वयाने हा तुरटपणा मऊ होतो, जात नाही. मी बघतो ते एवढंच, की तो ओसरल्यावर मागे काही गोडसर, फळाचं उरतं का? उरलं, आणि आंबटपणा ताजा असला, तर वाइन जिवंत आहे. फळ संपून नुसता तुरटपणा राहिला असेल, तर आणखी दहा वर्षं ठेवून ती सुधारणार नाही. ‘जुनं ते सोनं’ इथे चालत नाही. १९९६चं टॅनिन मुळातच कडक, त्यामुळे हा प्रश्न आज या पेल्याला विचारायलाच हवा.

चीजची ताटली मी मुद्दाम मागे ठेवायला सांगितली आहे. स्निग्धता आणि मीठ तुरटपणा झाकतात, मग दोष सापडत नाहीत. पहिला पेला नुसताच घ्या. चीज अर्ध्या तासाने.