उन्हातली सायकल सहल आणि हॉटेलचा नाश्ता

नमस्कार श्रोतेहो.

उष्ण देशात आठ-दहा जणांनी मिळून आठवडाभर सायकल चालवायची आणि रोजचा मुक्काम छानशा आलिशान हॉटेलात करायचा, अशी सुट्टी मला मनापासून आवडते. पण या सहलींचं वेळापत्रक बऱ्याचदा हॉटेलच्या नाश्त्यावर बेतलेलं असतं. सातला नाश्ता सुरू, गप्पांत साडेआठ वाजतात आणि नऊला पहिलं पॅडल पडतं. ऊन तापायला लागतं नेमकं तेव्हाच आपण रस्त्यावर येतो.

सायकल चालवताना स्नायू जेवढी ऊर्जा वापरतात, तिचा जेमतेम पाव हिस्सा पॅडलपर्यंत पोहोचतो. बाकी सगळ्याची उष्णता होते. ती बाहेर टाकायला गरम हवेत घामाशिवाय फारसा आधार नसतो. एक लिटर घाम अंगावर वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. वाळला तर, बरं का! दमट हवेत तो कोपरावरून नुसता टपकत राहतो. सपाटीला वारा लागतो म्हणून हे लक्षात येत नाही. चढ आला, वेग मंदावला, की वारा पडतो आणि अंगाची भट्टी होते.

आमच्या एका सहलीत तिसऱ्या दिवशी, ग्रुपमधला सगळ्यात बोलका गडी एकाएकी गप्प झाला. हेल्मेटच्या काळ्या पट्ट्यांवर मिठाचे पांढरे ओघळ सुकले होते, आणि बोटांत असा गोळा आला होता की बाटलीचं झाकण उघडेना. पाणी तर तो सारखा पीत होता. पण नुसतंच पाणी! त्याला सावलीत टेकवलं आणि मागच्या गाडीने हॉटेलवर नेलं.

तासाला लिटर-दीड लिटर घाम सहज जातो आणि त्यातून मीठही जातं. वर भरमसाट साधं पाणी प्यायलं, तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, भान हरपू लागतं. म्हणून एका बाटलीत ओआरएस हवंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरला २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. चांगल्या हॉटेलच्या बाथरूममध्ये बऱ्याचदा वजनकाटाही असतो. निघताना आणि आल्यावर वजन करा. किलोभर घटलं, तर साधारण लिटरभर पाणी कमी पडलं. वाढलं असेल, तर जास्त प्यायलात. आणि कुणी तापलेल्या अंगाने असंबद्ध बोलू लागलं, तर तो उष्माघात समजायचा. मदत बोलवा, पण गाडीची वाट बघत बसू नका. मिळेल त्या गार पाण्याने आधी अंग थंड करा, मग दवाखाना.

शरीराला उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. म्हणजे आठवड्याची सहल सवय पुरती होण्याआधीच संपते! त्यामुळे पहिले दोन दिवस अंतर कमी ठेवा, आणि ग्रुपचा वेग सगळ्यात मागच्या सायकलीने ठरवू द्या.

मग एवढं महागडं हॉटेल कशाला, असं कुणी विचारेल. दुपारसाठी! दिवस उलटा लावायचा. नाश्ता आदल्या रात्रीच बांधून मागायचा, फटफटताना निघायचं आणि ऊन पेटायच्या आत पोहोचायचं. मग तरणतलाव, पडदे ओढलेली गार खोली आणि झोप. फक्त एक गोष्ट पैसे भरण्याआधी विचारून घ्या. बऱ्याच हॉटेलांत खोली दुपारी दोननंतर मिळते. लवकर मिळेल का, हे आयोजकाकडून लेखी घ्या. नाहीतर घामेजल्या कपड्यांत लॉबीत ताटकळावं लागतं.

आमच्या त्या सहलीत एक दिवस विश्रांती घेतली आणि उरलेले दिवस पहाटे पाचला निघालो. आपला गडी परत बोलू लागला होता. साडेदहाला हॉटेलच्या दारात सायकली टेकवल्या, तेव्हा त्याने निघताना सुरू केलेली गोष्ट अजून अर्धीच झाली होती.