कुंडीतल्या मुळांना हवा हवी

नमस्कार. व्याख्यान सुरू होण्याआधी तुमच्यापैकी बऱ्याच जणांशी बोलले. टोमॅटोची पानं पिवळी पडतायत, कढीपत्ता जागचा हलत नाही, मोगऱ्याला पानं आहेत पण कळी नाही, अशा तक्रारी होत्या. आणि जवळजवळ प्रत्येकाने शेवटी म्हटलं, "पाणी तर रोज घालतो, खतसुद्धा घालतो." आज मी याच वाक्याबद्दल बोलणार आहे. माझं म्हणणं असं की, कुंडीतली बहुतेक झाडं तहानेनं मरत नाहीत आणि उपाशीही मरत नाहीत. ती गुदमरतात. माती, खत आणि पाणी हे आपण तीन वेगळे विषय धरतो. कुंडीत मात्र तिन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न असतो, मुळांना हवा मिळते का.

मुळं श्वास घेतात. पानं दिवसभर ऑक्सिजन तयार करतात हे आपण शाळेत शिकलो, पण तो खाली मुळांपर्यंत पुरेसा पोहोचत नाही. भातासारख्या वनस्पतींच्या मुळांत हवेच्या पोकळ्या असतात, म्हणून भात चिखलात उभा राहतो. टोमॅटो, मिरची, तुळस यांच्याकडे तशी सोय नाही. त्यांच्या मुळांना मातीच्या कणांमधल्या फटींतली हवाच घ्यावी लागते. त्या फटी पाण्याने भरल्या की ऑक्सिजन आत शिरतो तो पाण्यातून, आणि पाण्यातून त्याचा प्रवास हवेच्या तुलनेत साधारण दहा हजार पटींनी संथ असतो. शिवाय पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. 20 अंशांना लिटरभर पाण्यात 9 मिलिग्रॅमच्या आसपास, 30 अंशांना साडेसात. आणि नेमक्या त्याच उष्णतेत मुळांची भूक वाढलेली असते. म्हणजे एप्रिलमध्ये तापलेल्या गच्चीवर, काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत, दुपारी दोन वाजता आपण मायेनं बादलीभर पाणी ओततो, तेव्हा मुळांना जी गोष्ट सगळ्यात जास्त हवी असते तीच आपण हुसकावून लावतो.

यातला क्रूर भाग असा की गुदमरलेलं झाड तहानलेल्यासारखंच दिसतं. मुळांना श्वास मिळाला नाही की त्यांना पाणी उचलता येत नाही. ओल्या मातीत उभं असलेलं झाड मान टाकतं, आपण म्हणतो बिचारं सुकलं, आणि आणखी पाणी घालतो. म्हणून पानाकडे पाहून पाणी घालू नका. बोट दोन पेरं मातीत घाला. आत ओल लागली तर तांब्या खाली ठेवा, झाड कितीही केविलवाणं दिसू दे.

आता हा भांडी घासायचा जाड स्पंज बघा. तो पाण्यात बुडवून काढलाय आणि आडवा धरलाय. थेंब गळायचे थांबले. आता हाच स्पंज उभा करते. बघा, पुन्हा पाणी गळायला लागलं. स्पंज तोच आहे, पाणीही तेच आहे, फक्त उंची वाढली. कुंडीतही हेच चालतं. सगळं जादा पाणी निथळून गेलं असं वाटतं तेव्हासुद्धा तळाशी एक चिंब थर उरतो. त्याची जाडी मातीच्या मिश्रणावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. समजा तुमच्या मिश्रणात तो थर पाच सेंटिमीटरचा आहे. मग दहा सेंटिमीटरच्या ट्रेमध्ये निम्मी माती कायम चिखल राहणार, आणि तीस सेंटिमीटर खोल कुंडीत फक्त तळाचा सहावा हिस्सा. उथळ, पसरट कुंड्यांमध्ये झाडं का रुसतात याचं उत्तर इथे आहे.

आणि हे कळलं की तळाशी खडी भरायची पद्धतही सोडून द्यावी लागते. पाणी बारीक मातीतून जाड खडीत सहज उतरत नाही. ते सीमेवर अडतं आणि वरची माती पूर्ण भिजल्यावरच खाली गळतं. म्हणजे तुम्ही खडीचा थर घातलात की तो चिंब पट्टा उचलून मुळांच्या जवळ आणून ठेवता. भोकावर एक खापरी ठेवा, माती वाहून जाऊ नये म्हणून. तेवढं पुरे. जाड कण हवेच असतील तर ते सगळ्या मातीत मिसळा.

वाड्यातली तुळशीवृंदावनं आठवा. उंच, अरुंद, आणि पुष्कळ ठिकाणी खालून जमिनीशी जोडलेली. रोज सकाळी तांब्याभर पाणी घातलं तरी तुळस आनंदात असायची. पाणी खाली उतरायला उंची होती आणि पुढे जायला जमीन होती. आज आपण तीच तुळस वीतभर कुंडीत लावतो, खाली ताटली ठेवतो, आणि तांब्या मात्र तोच रोजचा. ताटलीत पाणी साचतं, तुळस काळी पडते, आणि घरातल्या कुणालातरी उगीच अपशकुनाची चिंता लागते.

मातीकडे वळू. देशावरची आपली काळी माती बसाल्टच्या दगडातून तयार झाली. तिच्यातली चिकणमाती भिजली की फुगते, वाळली की आकसते. शेतात हे वरदान आहे, कारण फेब्रुवारीपर्यंत ती ओल धरून ठेवते आणि भेगांमधून हवा आत जाते. कुंडीत ती वाळते, आकसते, आणि कुंडीच्या भिंतीपासून सुटते. पाणी घातलं की ते त्या फटीतून सरळ खाली निघून जातं, मधला गोळा कोरडाच राहतो, आणि खालून पाणी आलं म्हणून आपण समाधानी. नर्सरीतली लाल माती दिसायला देखणी. पण तीही एकटी भरली तर दोन पावसाळ्यांत विटेसारखी बसते. मग लोक तिच्यात बारीक वाळू घालतात. तसं करू नका. बारीक वाळूचे कण चिकणमातीच्या फटींमध्येच जाऊन बसतात आणि मिश्रण आणखी घट्ट होतं.

या बाबतीत मुंबईने आपल्याला एक मोठी वाट दाखवली. डॉ. आर. टी. दोशी यांनी वांद्र्याच्या गच्चीवर प्लास्टिकच्या पिशव्यांमध्ये मुख्यतः उसाची चिपाडं भरून भाज्या आणि फळझाडं वाढवली. माती त्यात नावापुरती. त्यांच्या आधीपासून श्रीपाद अच्युत दाभोलकर हे गणिताचे प्राध्यापक प्रयोग परिवार या प्रयोगशील शेतकऱ्यांच्या गटाच्या माध्यमातून सांगत होते की काडीकचऱ्यातून आपली माती आपणच बनवता येते आणि झाडाचं पान म्हणजे ऊन साठवायची जागा. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात काम करणाऱ्या प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघराचा ओला कचरा वापरून त्याच इमारतीच्या गच्चीवर बाग उभी केली. या सगळ्यांच्या कामात मला सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती ही, की त्यांच्या मिश्रणांत हवा होती. चिपाडं आणि पालापाचोळा फटी राखतात. अजूनही रसवंतीबाहेर चिपाडांचे ढीग पडलेले असतात. विचारलंत तर कुणी नाही म्हणत नाही. दोन पावसाळी महिने ती ओली करून कुजत ठेवा, साखर निघून जाऊ दे, नाहीतर मुंग्यांचं राज्य येईल.

माझं नेहमीचं मिश्रण विचारत होता. आकारमानाने एक भाग माती, एक भाग धुतलेलं कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि एक भाग जाडसर काहीतरी, म्हणजे हरभऱ्याच्या दाण्याएवढा विटांचा चुरा, भाताचं तूस किंवा अर्धवट कुजलेली चिपाडं. पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, मुंबईत त्याच्या तिपटीहून जास्त. म्हणून मुंबई-ठाण्यात आणि कोकणात जाडसर भाग दीडपट करा, सोलापूर-नगरकडे कोकोपीट थोडं वाढवा. कोकोपीटची वीट भिजवून पहिलं पाणी फेकून द्या, त्यात बऱ्याचदा मीठ असतं. शेणखत हातात घेतल्यावर शेणाचा वास आला तर ते तयार झालेलं नाही. ताजं शेण कुजताना तापतं, अमोनिया सोडतं आणि मुळांच्या वाट्याचा ऑक्सिजन खातं. पानगळीच्या दिवसांत पाचोळा पेटवू नका, हे हात जोडून सांगते. पुण्यात ब्राऊन लीफ नावाचा उपक्रम आहे, ज्यांच्याकडे पाचोळा आहे आणि ज्यांना हवा आहे त्यांची गाठ तो घालून देतो.

मातीचं वजनही लक्षात ठेवा. वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण दीडशे किलो भार गृहीत धरतात. एक फूट जाडीचा भिजलेल्या बागमातीचा वाफा चौरस मीटरला पाचशे किलोपर्यंत जातो. तेव्हा गच्चीवर थेट माती पसरण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनियरला विचाराच. मोठ्या कुंड्या तुळया आणि खांबांच्या रेषेवर ठेवा.

खताचं काय? झाड खत थेट खात नाही. शेणखतातलं, पेंडीतलं नत्र मातीतले जिवाणू मोडतात, अमोनियमचं नायट्रेट करतात, आणि मग मुळं ते उचलतात. हे जिवाणू हवेवर जगतात. कुंडी चिंब असेल तर दुसरेच जिवाणू जोर धरतात. ते नायट्रेटमधला ऑक्सिजन काढून घेतात आणि नत्र वायू होऊन उडून जातं. तुम्ही पैसे देऊन आणलेलं खत गच्चीवरून आकाशात जातं आणि पानं पिवळीच राहतात. म्हणून पिवळं पान दिसलं की आधी ओल तपासायची.

ओल ठीक असेल तर कोणतं पान पिवळं पडलंय ते बघा. खालची जुनी पानं सरसकट फिकट झाली तर नत्र कमी आहे. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, तर लोह मिळत नाहीये. बोअरचं जड पाणी घालणाऱ्यांकडे जास्वंद आणि गुलाबावर हे हमखास दिसतं. मातीत लोह असतं, पण त्या पाण्याने मातीचा सामू (pH) चढतो आणि लोह अडकून बसतं. पाऊस सुरू झाला की हीच झाडं हिरवी होतात. शक्य असेल तर पावसाचं पाणी साठवून ठेवा.

टोमॅटोच्या फळाचं बूड काळं पडतं, त्यावर सगळे अंड्याची टरफलं सुचवतात. तिथे कॅल्शियम कमी पडलेलं असतं हे खरं. पण टरफलं विरघळायला फार काळ लागतो, आणि बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम असतंच. ते पाण्याबरोबर वाहतं, आणि पानांतून बाष्प जास्त उडत असल्यामुळे पानांकडे ओढलं जातं, फळाकडे कमी. चार दिवस कोरडं आणि पाचव्या दिवशी पूर असं पाणी दिलंत की फळाच्या वाट्याला काहीच उरत नाही. ओल सारखी ठेवा. पुढच्या घोसाला फरक दिसेल.

जीवामृताबद्दलही चिठ्ठी आली आहे. नैसर्गिक शेतीचे प्रचारक सुभाष पाळेकर यांची कृती दोनशे लिटर पाण्याची, दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ आणि दोन किलो बेसन घेऊन एका एकरासाठी. मोकळ्या, आच्छादन असलेल्या जमिनीसाठी ती आहे. बादलीभर चिंब मातीत गुळाचं पाणी घातलं तर जिवाणू भडकून वाढतात आणि उरलासुरला ऑक्सिजन संपवतात. कुंडीत द्यायचं तर दहापट पाणी घालून, आणि माती वरून सुकलेली असताना. केळीच्या सालींचं पाणी, गोड चहाचा चोथा, आंबवलेलं ताक, सगळ्याला हाच नियम लावा. रासायनिक खताचं मला वावडं नाही. 19:19:19, म्हणजे नत्र, स्फुरद आणि पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विरघळणारं खत, लिटरला एक ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, माती ओलसर असताना. चमचा भरून कोरड्या मातीवर यूरिया टाकायचा नाही. पानांची टोकं करपली किंवा कुंडीच्या काठावर पांढरा थर आला, तर क्षार साठलेत. खत बंद करा आणि साधं पाणी दोन-तीनदा भरपूर ओतून ते धुऊन काढा.

पाणी द्याल तेव्हा पोटभर द्या, खालून निथळेपर्यंत, आणि मग वरचं बोटभर सुकेपर्यंत थांबा. वरून खाली सरकणारं पाणी जुनी हवा ढकलतं आणि आपल्या मागे ताजी हवा ओढून घेतं. रोज पेलाभर शिंपडल्याने हे घडत नाही. एकदम वाळलेलं कोकोपीट पाणी झिडकारतं. तेव्हा अख्खी कुंडी टबात अर्धा तास बुडवा, बुडबुडे थांबले की काढा. मातीच्या कुंड्यांना ऑइल पेंट लावू नका, त्या भिंतींमधून बाष्प आणि हवा जाते. रंग हवाच असेल तर गेरू आहे.

शेवटी पावसाळ्याचं सांगते, कारण जून जवळ आला आहे. मे संपायच्या आत प्रत्येक कुंडी आडवी करून भोकं तपासा, मुळांनी बुजलेली असतात, सळईने मोकळी करा. ताटल्या चार महिने माळ्यावर टाका, डासांचाही प्रश्न सुटेल. कुंड्या दोन विटांवर उचलून ठेवा, म्हणजे गच्चीवर साचलेलं पाणी खालून आत शिरणार नाही. खाली बसलेल्या मातीत वरून नवी भर घालत बसू नका. झाड काढून सगळी माती उलथा, जाडसर भाग मिसळा, पुन्हा लावा. कोरफड, जेड आणि निवडुंग छपराखाली घ्या. आणि झडीच्या दिवसांत खत पूर्ण बंद ठेवा, ते सगळं वाहून गटारात जातं. आता प्रश्न घेऊ. ज्यांनी पानं बरोबर आणली आहेत त्यांनी पुढे या.