भिंतीतले पाणी आणि पाटीवरचे वजन

कॅराव्हॅनच्या खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात अंगठ्याने जरा दाबले की भिंत आत दबते. वरचे गुळगुळीत आवरण अजून शाबूत आहे, त्याचा रंगही उडालेला नाही, पण त्यामागचे प्लायवुड भिजलेल्या पुठ्ठ्यासारखे मऊ झाले आहे. ओलावा मोजणाऱ्या यंत्राच्या दोन सुया तिथे टेकवल्या की आकडा २० टक्क्यांच्या पुढे जातो. कोरड्या, निरोगी भिंतीत तो साधारण १५ टक्क्यांच्या आत असावा लागतो. या कोपऱ्यातून पाणी किती दिवस झिरपत होते, हे मालकाला कळायला काहीच मार्ग नव्हता.

मोटारीला जोडून मागून ओढत न्यायचे, झोपण्याची, स्वयंपाकाची आणि न्हाणीघराची सोय असलेले हे चाकांवरचे घर म्हणजे कॅराव्हॅन. ऑस्ट्रेलियात नोकरी संपल्यावर आयुष्यभराच्या बचतीतला मोठा वाटा काढून कॅराव्हॅन घेणारी आणि महिनोन्‌महिने देशभर फिरणारी जोडपी इतकी आहेत की, त्यांना ‘ग्रे नोमॅड्स’ असे नावच पडले आहे. राहत्या घराखालोखाल त्यांची सर्वांत मोठी खरेदी बहुधा हीच असते, आणि घर घेताना जी चौकशी माणूस करतो तिचा दहावा हिस्साही इथे होत नाही, कारण चौकशी नेमकी कशाची करायची हेच पहिल्यांदा घेणाऱ्याला ठाऊक नसते.

या भिंतीची घडण समजून घेतली की दोष कुठे शिरतो ते दिसते. जुन्या पद्धतीत लाकडी पट्ट्यांचा सांगाडा स्टेपल ठोकून जोडतात, आतल्या बाजूने पातळ प्लायवुड लावतात, मध्ये उष्णतारोधक फोम भरतात आणि बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा चढवतात. मग त्या अखंड पत्र्याला खिडक्यांसाठी, झरोक्यांसाठी, दिव्यांसाठी, छपरावरच्या एसीसाठी आणि चांदणीच्या, म्हणजे बाजूला उघडणाऱ्या कापडी छताच्या, स्क्रूंसाठी भोके पाडली जातात. यातल्या प्रत्येक भोकाभोवती पाणी अडवणारा सीलंट असतो. सीलंट लावण्यापूर्वी पत्र्यावरची धूळ आणि तेल पुसले गेले का, त्याचा थर सलग बसला का, आणि रस्त्यावरच्या हादऱ्यांनी जोड हलत राहिला तरी तो लवचीक राहील अशा प्रतीचा आहे का, या तीन गोष्टींवर सगळी कॅराव्हॅन उभी असते. हे काम काही मिनिटांचे आहे. ते घाईने उरकले तरी वरून चौकट बसवल्यावर कोणालाही ओळखता येत नाही, आणि याच कारणासाठी आम्ही ते या व्यवसायातले सर्वांत गंभीर दुर्लक्ष मानतो. आत शिरलेले पाणी तिथेच थांबत नाही. ते लाकडी पट्टीच्या कडेने उतरत जाते, स्टेपल गंजवते आणि दूरच्या कोपऱ्यात जमिनीशी साचते, त्यामुळे डाग दिसतो एका ठिकाणी आणि गळती असते दुसऱ्याच ठिकाणी. सांगाडा ॲल्युमिनियमचा असला तर कुजत नाही, भिंत फायबरग्लासच्या सलग थरांची असली तर सांधे कमी असतात; भोके मात्र तिथेही पाडावी लागतातच.

धातूच्या कडेवरून रबरी संरक्षणाशिवाय ओढलेली विजेची तार आणि आसाची ठेवण चुकल्याने एकाच बाजूने झिजलेले टायर हेही याच घाईचे नमुने आहेत.

सरकारी तपासणी असताना हे कसे घडते, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. ऑस्ट्रेलियात साडेचार टनांपर्यंतच्या ट्रेलरबाबत, म्हणजे बहुतेक सगळ्या कॅराव्हॅनबाबत, आपले उत्पादन नियमांत बसते हे उत्पादकाने स्वतःच प्रमाणित करायचे, अशी पद्धत अनेक वर्षे चालू होती. २०१८ च्या ‘रोड व्हेइकल स्टँडर्ड्स ॲक्ट’ने ती बदलली, १ जुलै २०२१ पासून हा कायदा अमलात आला आणि उत्पादकांना आगाऊ मंजुरी घेणे भाग पडले. तरीही हे नियम ब्रेक, दिवे, जोडणी आणि मापे यांविषयी आहेत. छप्पर गळते की नाही, हे त्यातून तपासले जात नाही.

जुलै २०२२ मध्ये तिथल्या स्पर्धा आणि ग्राहक आयोगाने नव्या कॅराव्हॅनच्या विक्रीवर अहवाल प्रसिद्ध केला. त्यासाठी केलेल्या पाहणीत उत्तर देणाऱ्या सुमारे २,३०० ग्राहकांपैकी ८० टक्क्यांनी आपल्या कॅराव्हॅनमध्ये बिघाड निघाल्याचे सांगितले. ज्यांना त्रास झाला तेच उत्तर द्यायला पुढे येतात, हे गृहीत धरले तरी हा आकडा अस्वस्थ करणारा आहे.

आता विक्रीकडे वळू. प्रत्येक कॅराव्हॅनवर एक लहानशी धातूची पाटी असते. तिच्यावर रिकाम्या कॅराव्हॅनचे वजन आणि भरलेल्या कॅराव्हॅनचे कमाल वजन कोरलेले असते. समजा, हे आकडे २,६०० आणि ३,००० किलो आहेत. सामानाला ४०० किलो मिळतात, असे विक्रेता सांगतो आणि ऐकणाऱ्याला ते भरपूर वाटतात. पण पिण्याच्या पाण्याच्या ९५ लिटरच्या दोन टाक्या भरल्या की १९० किलो संपले. दोन सिलिंडरांतला गॅस १८ किलो. कारखान्यात वजन झाल्यानंतर विक्रेत्याने आपल्या आवारात बसवलेली चांदणी, जादा बॅटरी आणि एसी यांचे मिळून १०० किलो धरले, तर उरतात अवघे ९२ किलो, आणि त्यात दोघांचे कपडे, अंथरुणे, भांडी, किराणा, खुर्च्या आणि अवजारे बसवायची असतात. ही सगळी सुटी उपकरणे ज्याने विकली, त्याला ही बेरीज येत नाही असे मानणे कठीण आहे. वजन मर्यादेपलीकडे गेले की ब्रेक मारल्यावर थांबायला लागणारे अंतर वाढते, आणि अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते.

‘तुमची गाडी साडेतीन टन ओढते’ हे आश्वासनही असेच अर्धे असते. गाडी आणि कॅराव्हॅन यांच्या एकत्रित वजनालाही मर्यादा असते. ती ६,००० किलो असेल आणि माणसे, इंधन व सामान धरून गाडीच ३,००० किलोंची झाली, तर मागे साडेतीन टन जोडण्याचा प्रश्नच उरत नाही. ‘ऑफ-रोड’ असे ठळक अक्षरांत रंगवलेल्या कॅराव्हॅनच्या वॉरंटीत खडकाळ वाटेवर झालेले नुकसान वगळलेले आढळते, तेव्हा बाहेर रंगवलेला शब्द आणि आत छापलेले कलम यांतले खरे कोणते, हे ग्राहकाला पैसे दिल्यावर कळते.

कायदा ग्राहकाच्या बाजूने आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. १ जानेवारी २०११ पासून लागू असलेल्या ‘ऑस्ट्रेलियन कन्झ्युमर लॉ’नुसार दोष मोठा असेल, म्हणजे आधी कळला असता तर समंजस माणसाने ती वस्तू घेतलीच नसती असा असेल, तर पैसे परत घ्यायचे की बदली वस्तू, हे ग्राहक ठरवतो. ही जबाबदारी विकणाऱ्याची आहे आणि वॉरंटीची मुदत संपली म्हणून ती आपोआप संपत नाही. असे असूनही ‘आमच्या हातात काही नाही, कारखान्याशी बोला’ हे उत्तर तक्रारदाराला ऐकावे लागते. कॅराव्हॅनचे अनेक कारखाने मेलबर्नच्या उत्तरेकडील कॅम्पबेलफील्ड भागात आहेत. पर्थच्या मालकाला दुरुस्तीसाठी तिथे बोलावले, तर एका दिशेचे अंतर ३,००० किलोमीटरांहून अधिक होते. ब्रिटनमध्ये २०१५ च्या ‘कन्झ्युमर राइट्स ॲक्ट’ने सदोष वस्तू पहिल्या ३० दिवसांत सरळ नाकारण्याचा हक्क दिला आहे, पण गळतीचा डाग उमटायला त्याहून कितीतरी अधिक काळ लागतो. त्या मुदतीनंतर विक्रेत्याला आधी दुरुस्तीची एक संधी देणे ग्राहकाला भाग असते.

प्रदर्शनातल्या दिव्यांखाली ‘ही किंमत फक्त आजच्यापुरती’ असे ऐकून इसार देणाऱ्याने आणखी एक धोका ओळखावा. मोठी रक्कम आगाऊ दिली आणि ताबा मिळण्यापूर्वी उत्पादक बुडाला, तर ग्राहक बँकेसारख्या तारण असलेल्या धनकोंच्या मागे रांगेत उभा राहतो.

ताबा घेण्याच्या दिवशी विक्रेता एक कागद पुढे करतो. गाडी तपासून, सुस्थितीत मिळाली, असे त्यावर छापलेले असते. त्यावर सही करण्यापूर्वी कॅराव्हॅन वजनकाट्यावर न्यावी आणि सगळी उपकरणे बसवलेल्या स्थितीतले वजन लेखी घ्यावे. विक्रेत्याशी संबंध नसलेल्या तपासनिसाकडून चारही कोपऱ्यांतल्या ओलाव्याचे आकडे तारखेसह नोंदवून घ्यावेत. हे दोन कागद हातात आल्याशिवाय उरलेली रक्कम देणार नाही, ही अट इसार देतानाच करारपत्रात लिहून घ्यावी.